आत खोबरं, वर चॉकलेट

कोकोचं झाड मुळात सावलीतलं. रोप लहान असताना तर त्याला भर ऊन अजिबात सोसत नाही. आपल्या देशात ही सावली बहुतेक ठिकाणी नारळाची नाहीतर पोफळीची असते. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्रातला गोदावरीकाठ या भागांत नारळाच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत कोको लावतात. वर झावळ्या, खाली थेट खोडाला आणि जाड फांद्यांना चिकटून लागलेली कोकोची लांबट फळं, आणि दोघांना पाणी एकाच पाटाचं. काढणी झाली की मात्र वाटा वेगळ्या होतात. नारळ मंडईत, देवळात किंवा घाण्यावर जातो. कोकोच्या बिया गरासकट पाच-सहा दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात आणि मग त्या भाजायला-दळायला कारखान्यात रवाना होतात. दक्षिण कर्नाटकात पुत्तूरला सुपारी आणि कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या ‘कॅम्पको’ या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना आहे. १९८६ पासून तो चालू आहे.

एका बागेत वाढलेल्या या दोघांना एका ट्रफलमध्ये बसवायला गेलं की कुरबुरी सुरू होतात. नारळात पाणी असतं आणि चॉकलेटला पाणी चालत नाही. नारळात तेल असतं आणि चॉकलेटला ते तेलही मानवत नाही. फळांचं तर विचारूच नका. या पुस्तकातली प्रत्येक कृती म्हणजे या दोन भांडणांवर काढलेला काही ना काही तोडगा आहे. माझं म्हणणं एवढंच, की यातलं पाण्याचं भांडण मिटवायची विद्या मराठी स्वयंपाकघराला पिढ्यान्‌पिढ्या येते. आपण ती नारळाच्या वड्या थापताना वापरतो, पण चॉकलेट हातात घेतलं की साफ विसरतो आणि परदेशी पुस्तकातलं माप शोधत बसतो. तेलाचं, म्हणजे स्निग्धाचं भांडण मात्र नव्याने समजून घ्यावं लागेल. म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे. घाई असलेल्यांनी सरळ कृतींकडे जावं. काहीतरी बिघडलं की परत इथे यावंच लागेल.

‘ट्रफल’ हे नाव मी सैलपणे वापरलं आहे, हे आधीच सांगते. फ्रेंच रीतीचं ट्रफल म्हणजे गरम मलई आणि चॉकलेट घोटून केलेला मऊ गोळा, कोको पावडरमध्ये घोळवलेला. खोबऱ्याचं सारण भरून वर चॉकलेट चढवलेल्या गोळ्याला तिथला जुना कारागीर ट्रफल म्हणणार नाही. पण जगभर आता या नावाखाली सगळंच खपतं, तर आपणच सोवळं का पाळावं? खोबरं आणि चॉकलेटची जोडी कारखान्यातून घराघरांत नेली ती मार्स कंपनीच्या ‘बाउंटी’ने. ब्रिटनमध्ये ती १९५१ साली आली. ब्राझीलमध्ये वाढदिवसाला खोबरं आणि कंडेन्स्ड मिल्क आटवून गोळे करतात, ते चॉकलेटशिवायच. आपल्याकडे ही गोष्ट आली ती क्लासमधून. गेल्या दोन-तीन दशकांत जवळजवळ प्रत्येक मराठी शहरात एका दुपारचे चॉकलेटचे क्लास निघाले. तिथून साचे आले, चमकते कागद आले, आणि हळूहळू रुखवतात बोरन्हाणाच्या कागदी बाहुल्यांशेजारी चॉकलेटचा ताजमहालही मांडला जाऊ लागला. त्या ताजमहालाबद्दल मी मौन बाळगते. पण त्या क्लासांनी बायकांच्या मनातली चॉकलेटची भीती घालवली, हे खरं. त्यांनी ‘का’ मात्र सांगितलं नाही.

तर आधी पाणी.

चॉकलेटच्या लादीत पाणी जवळजवळ नसतंच. साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण कोको बटरमध्ये तरंगत असतात, एवढीच त्याची घडण. वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओल्या चमच्यावरचा एक थेंब जरी पडला, तरी तो साखरेच्या कणांना ओलं करतो, ते एकमेकांना चिकटतात आणि पाहता पाहता गुळगुळीत, वाहतं चॉकलेट चरचरीत, कोरड्या गोळ्यासारखं होऊन बसतं. वाफेवर चॉकलेट वितळवताना खालच्या पातेल्यातल्या पाण्याला उकळी फुटू देऊ नका आणि वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं घ्या, असं मी दर वेळी बजावते ते यासाठीच. कडेने आलेली वाफ वरच्या भांड्यात निवते आणि घात करते. गंमत अशी की थेंबभर पाणी चॉकलेटचा सत्यानाश करतं, पण अर्धी वाटी गरम मलई घातली तर त्याच चॉकलेटचं रेशमी गनाश होतं. थेंब कणांना फक्त चिकट करतो, भरपूर पाणी त्यांना पूर्ण भिजवून सुटं करतं. त्यामुळे चॉकलेट आवळलं तर ते फेकू नका. गरम दूध घालून ढवळा आणि आइस्क्रीमवर ओता. वरचं कवच करायला मात्र ते आता चालणार नाही.

आता आतला नारळ बघा. ताज्या नारळाच्या चवात वजनाने जवळजवळ निम्मं पाणी असतं. तो तसाच साखर घालून वळला आणि चॉकलेटमध्ये बुडवला, तर पहिल्या दिवशी लाजवाब लागतो, दुसऱ्या दिवशी कवचाखाली ओल येते आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास. चॉकलेटचं कवच आतल्या गोष्टी टिकवतं हा गैरसमज आहे. ते फक्त झाकतं.

नारळाच्या वड्या करणारी बाई हे न सांगता जाणते. चव आणि साखर एकत्र कढईत चढवली की आधी सगळं पातळ होतं, कारण साखर नारळातलं पाणी ओढून घेते. मग बुडबुडे येतात, ते हळूहळू जड होत जातात, उलथन्याला ओढ लागू लागते. एका क्षणी मिश्रण कढईच्या कडा सोडतं, मधोमध गोळा होऊन फिरायला लागतं आणि कडेला साखरेची पांढरी रेघ दिसते. तिथे गॅस बंद. त्या क्षणी नक्की काय झालेलं असतं? पाण्याचा मोठा भाग उडून गेलेला असतो आणि जे थोडं राहिलं आहे ते साखरेने असं धरून ठेवलेलं असतं की बुरशीला किंवा जंतूंना ते वापरता येत नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही आपली परिभाषा म्हणजे पाकात पाणी किती उरलं याचं मापच आहे. गोळीबंद पाक उकळतो तेव्हा त्याचं तापमान ११५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि त्यात साखर सुमारे ८५ टक्के असते. वाटीभर पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळून बघणाऱ्या आजीला हा आकडा ठाऊक नव्हता, पण तो तिच्या बोटांत होता.

म्हणून खोबऱ्याच्या ट्रफलचं सारण मी वडीच्या वाटेने करते. फरक एवढाच की वडी खुटखुटीत व्हावी लागते आणि ट्रफलचं सारण मऊ राहायला हवं. त्यासाठी साखरेचा थोडा भाग काढून तिथे ग्लुकोज सिरप किंवा मध घालायचा. त्याने साखर पुन्हा दाणेदार होत नाही. आचेवरून उतरवल्यावर ताज्या नारळाच्या निम्म्या मापाने डेसिकेटेड कोकोनट मिसळायचं, म्हणजे राहिलीसाहिली ओल ते शोषून घेतं. नुसतं डेसिकेटेड वापरायचं तर सोपं गणित आहे: २०० ग्रॅमला साधारण तेवढंच कंडेन्स्ड मिल्क, मंद आचेवर पाच मिनिटं, झालं. कर्नाटकात तुमकूर-तिपटूरच्या पट्ट्यातून येणारा हा पांढरा कीस अगदी कोरडा असतो, ओल जेमतेम तीन टक्के, त्यामुळे टिकतो छान. पण चवीला तो मला मुका वाटतो. चिमूटभर मीठ आणि लिंबाच्या सालीचा हिरवा कीस घातला की जरा बोलका होतो.

गोव्यात नाताळच्या फराळात ‘कोकाद’ नावाची वडी असते, खोबरं, साखर आणि रवा यांची. रवा तिथे ओल धरतो आणि चावायला काहीतरी देतो. हे सारण चॉकलेटमध्ये इतकं शोभतं की एक अख्खी कृती मी त्यावरच बेतली आहे. ती जिच्याकडून शिकले त्या बाईंना मात्र वरचं चॉकलेट पसंत पडलं नाही. “बेस्ट दिसतं, पण कशाला?” हा त्यांचा शेरा मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

फळांचा हिशोबही पाण्याचाच. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणी असतं. महाबळेश्वर-पाचगणीला हंगामात काडीला लावून चॉकलेटमध्ये बुडवलेली स्ट्रॉबेरी मिळते ती तिथेच, उभ्या उभ्या खायची असते. डब्यात भरून घरी आणली की देठाशी रस सुटून कवच गळून पडतं. घरी करायची तर फळं धुऊन, पुसून, पंख्याखाली तासभर तरी वाळवावीत आणि संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी दुपारी करावीत. अननस आणि कलिंगड यांच्या वाटेला मी गेलेच नाही. संत्र्याची फोड चालते, पण पापुद्रा फाटता कामा नये. फाटली की ती तोंडात टाकून मोकळं व्हावं.

खरी मजा वाळलेल्या फळांत आहे, आणि इथे महाराष्ट्राचा हात धरणारा कोणी नाही. तासगावचा बेदाणा, पुरंदरचं अंजीर, रत्नागिरीची आंबापोळी आणि फणसपोळी, साखरेत मुरवलेला आवळा. वाळवणं ही पाणी काढायची दुसरी रीत, आणि ती आपण उन्हात चटया टाकून कायमच करत आलो आहोत. बेदाण्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास ओल उरते, त्यामुळे चॉकलेटखाली तो महिनोन्‌महिने नीट राहतो. अंजीर त्याहून ओलसर, पण त्याच्या साखरेने ते सांभाळलं जातं. आंबापोळीच्या पातळ पट्ट्या कापून त्यात खोबऱ्याचं सारण गुंडाळायचं आणि वर डार्क चॉकलेट. आंब्याबरोबर व्हाइट चॉकलेट वापरायची सध्या टूम आहे. ती मला पटत नाही. गोडावर गोड चढतं आणि हापूस कुठल्या कुठे जातो. कोकोचा कडवटपणा हवाच. आवळ्याला मात्र मिल्क चॉकलेट बरं, कारण तो स्वतःच पुरेसा भांडखोर आहे.

पपनसाच्या सालीबद्दल दोन शब्द जास्त. गणपतीत पपनस येतो, आतला गर खाऊन बोटभर जाडीची साल आपण फेकून देतो. युरोपात संत्र्याच्या सालीच्या पट्ट्या पाकात मुरवून त्यांना डार्क चॉकलेट लावतात. नागपुरी संत्र्याची साल त्यासाठी फार पातळ पडते. पपनसाची साल पाणी बदलून तीनदा उकळायची, म्हणजे कडवटपणा बेताचा राहतो, मग साखरेच्या पाकात ती पारदर्शक दिसेपर्यंत मंद शिजवायची आणि जाळीवर दोन दिवस वाळवायची. काम किचकट आहे. पण या पुस्तकातली एकच गोष्ट करा असं कोणी म्हटलं तर मी हीच करायला सांगेन, खोबऱ्याचं नाव पुस्तकावर असूनही.

आता दुसरं भांडण, स्निग्धाचं.

घरी कढवलेलं तूप बरणीत हळूहळू निवू दिलं की रवाळ होतं. तेच तूप गरम असताना फ्रिजमध्ये ढकललं तर गुळगुळीत थिजतं. तूप एकच, पण स्फटिक निराळे. सावकाश निवताना दाणे मोठे होतात, झटपट निवताना बारीक. कोको बटरचंही असंच आहे, फक्त त्याचा स्वभाव जास्त लहरी. ते सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत थिजू शकतं आणि त्यातला पाचवा प्रकारच आपल्याला हवा असतो. तो ३४ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून हातात घट्ट राहतो आणि तोंडात विरघळतो. त्याच्यामुळेच चॉकलेट मोडताना टकदिशी आवाज येतो आणि वर आरशासारखी चकाकी येते. त्याआधीचे चार प्रकार लवकर वितळतात, मळकट दिसतात आणि काही दिवसांत त्यांच्यावर राखाडी धुरकट थर येतो. तो थर म्हणजे बुरशी नव्हे, वर आलेलं कोको बटर. खाल्लं तरी काही होत नाही, पण भेट म्हणून देववत नाही.

हव्या त्या स्फटिकांना आमंत्रण देणं म्हणजे टेम्परिंग. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं म्हणजे जुने सगळे स्फटिक मोडतात, मग २७-२८ पर्यंत खाली आणायचं, आणि पुन्हा ३१-३२ वर न्यायचं. मिल्कसाठी शेवटचा आकडा २९-३०, व्हाइटसाठी २८-२९. घरात याहून सोपी रीत अशी: चॉकलेटचा एक तृतीयांश भाग बारीक चिरून बाजूला ठेवा, बाकीचं वितळवा, आचेवरून उतरवा आणि चिरलेलं थोडं थोडं घालत ढवळत राहा. दुकानातून आणलेल्या लादीत योग्य स्फटिक आधीच असतात, ते बाकीच्यांना आपल्यासारखं वळण लावतात. काटा ३२ ला आला की सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. चार-पाच मिनिटांत ते चकचकीत थिजलं तर जमलं. ओलसर, रेघोट्यांचं राहिलं तर अजून ढवळा. जुने कारागीर खालच्या ओठाला थेंब लावून बघतात. नीट जमलेलं चॉकलेट ओठाला किंचित गार लागतं.

हे सगळं नको असेल तर कंपाऊंड आहे. पुणे जिल्ह्यातल्या मंचरच्या मोर्डे कंपनीची लादी न पाहिलेला घरगुती चॉकलेटवाला महाराष्ट्रात सापडणार नाही. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी पाम कर्नेलसारखं घट्ट केलेलं वनस्पती तेल असतं. वितळवा, बुडवा, थिजतं. टेम्परिंग नाही, थर्मामीटर नाही, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात खऱ्या चॉकलेटपेक्षा जरा जास्त तग धरतं. त्याला नावं ठेवण्यात मला रस नाही, बालवाडीच्या साठ पोरांना वाटायचं असेल तर मीही तेच घेते. पण तोंडात त्याचा मेणचट थर राहतो आणि कोकोचा वास मागे पडतो, हेही सांगायला हवं. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: खर्च वाचवायला अर्धं कंपाऊंड आणि अर्धं खरं चॉकलेट एकत्र वितळवणं. दोन्ही तेलं एकमेकांत मिसळली की अपेक्षेपेक्षा मऊ होतात. कवच बोटाला चिकटतं आणि आठवड्याभरात डाग पडतात.

हीच खोड खोबऱ्याचीही. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. डिसेंबरात न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली थिजते आणि मार्चमध्ये पाण्यासारखी होते, ते यामुळेच. सुक्या खोबऱ्याच्या किसात वजनाने साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं. ट्रफल करून ठेवलं की हे तेल मुंगीच्या पावलांनी वरच्या कवचात झिरपतं, कोको बटरमध्ये मिसळतं आणि त्याला मऊ पाडतं. पहिल्या दिवशी टकदिशी मोडणारं कवच तिसऱ्या आठवड्यात वाकायला लागतं. हे पूर्ण थांबवता येत नाही, लांबवता येतं. खोबरं तेल सुटेपर्यंत भाजू नका, मिक्सरमधून जास्त फिरवू नका, सारणात वासासाठी म्हणून वरून खोबरेल तेल घालू नका. आणि पंधरा दिवसांत खाऊन टाका. हा शेवटचा उपाय आमच्या घरात कधी अडला नाही.

बुडवण्याचं काम शांतपणे करायचं असतं. गोळे फ्रिजमधून काढून लगेच गरम चॉकलेटमध्ये टाकले तर दोन गोष्टी होतात: त्यांच्यावर दव धरतं, आणि गार गोळा नंतर खोलीच्या तापमानाला येताना फुगून कवचाला तडा देतो. तेव्हा ते आधी तासभर बाहेर ठेवा. तळहाताला थोडं चॉकलेट माखून प्रत्येक गोळा त्यावर फिरवला की पातळ अस्तर बसतं, खोबऱ्याचा कीस भांड्यात सुटत नाही. अस्तर थिजलं की मग खरं बुडवणं. दोन दातांच्या काट्यावर गोळा घ्या, पूर्ण बुडवा, वर काढा आणि काटा भांड्याच्या काठावर चार-पाचदा टकटक आपटा. जास्तीचं चॉकलेट ओघळून जातं. काट्याचा तळ काठावर निपटून घ्या, नाहीतर बटर पेपरवर ठेवल्यावर गोळ्याभोवती चॉकलेटचं थारोळं साचतं. गोळा सरकवून ठेवला की काट्याचे दात वरून हलकेच टेकवून उचला, दोन उभ्या रेघा उमटतात. हात बसेपर्यंत पहिले पाच-सहा ओबडधोबडच होणार. ते मुलांना द्या.

हवेशी भांडून उपयोग नाही. श्रावणी पौर्णिमा ही नारळी पौर्णिमाही असते आणि राखी पौर्णिमाही, म्हणजे घरात नारळ फुटलेला असतो आणि बहिणीला भावासाठी चॉकलेट करायची हौस आलेली असते. आणि नेमकी तीच वर्षातली सर्वांत दमट हवा. मुंबईत ऑगस्टमध्ये थिजत ठेवलेल्या चॉकलेटवर हवेतली ओल बसते, वरची साखर विरघळते आणि वाळताना खरखरीत पांढरी होते. अशा वेळी खोली बंद करून एसी लावा, २०-२२ अंश धरा. एसी नसेल तर खोबऱ्याची वडीच करा, भाऊ नाराज होणार नाही. फ्रिजमध्ये थिजवायचं तर दहा मिनिटं पुरे. साठवायचं तर हवाबंद डब्यात, आणि डबा बाहेर काढल्यावर खोलीइतका कोमट होईपर्यंत उघडायचा नाही. पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी मात्र खिडकी उघडी टाकून काम करता येतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ट्रफल लुटायला याहून चांगलं निमित्त नाही.

मापांबद्दल. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचं माप घराघरांत पक्कं केलं आणि नवख्या मुलींना स्वयंपाकाचं धैर्य दिलं. त्या वाटीचं ऋण मान्य करूनही या पुस्तकात मी वजनं दिली आहेत. चिरलेलं चॉकलेट वाटीत कधी दीडशे ग्रॅम मावतं, कधी शंभरही नाही, आणि गनाशमध्ये मलई-चॉकलेटचा तोल ढळला की गोळा वळतच नाही. आपल्याकडच्या पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्केच असतो, परदेशी कृतीत सांगितलेल्या मलईत त्याहून बराच जास्त. म्हणून डार्क चॉकलेटच्या निम्म्या वजनाइतकी मलई हे माप मी धरलं आहे, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. नारळ तेवढा मी वाटीनेच मोजते, एका मध्यम नारळाचा चव साधारण दोन वाट्या होतो.

सामानाची यादी लहान आहे. छोटा वजनकाटा, अन्नात खुपसायचा थर्मामीटर, सिलिकॉनचा चमचा, बटर पेपर. हे सगळं मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा पुण्यात बोहरी आळीत मिळतं, आणि तिथे गेलात की नको असलेले साचेही घेऊन याल. विकायचा विचार असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करावी लागते आणि डब्यावर घटक आणि तारीख लिहावी लागते. ताज्या नारळाच्या ट्रफलवर सहा महिन्यांची तारीख टाकणारे मी पाहिले आहेत, त्यांच्याकडून घेऊ नये.

पहिल्यांदाच करत असाल तर खोबऱ्यापासून सुरुवात करू नका. अंजीर घ्या, कारण त्याचं सारण करावं लागत नाही आणि ते सहजी बिघडत नाही. अंजिरावर कवच चकाकायला लागलं की डेसिकेटेडच्या कृतीकडे या, मग ताज्या नारळाकडे. आंबापोळी आणि पपनस सगळ्यांत शेवटी. प्रत्येक कृती पंचवीस-तीस नगांची आहे, पण चॉकलेट मात्र ४०० ग्रॅमहून कमी वितळवू नका. कमी चॉकलेट लवकर निवतं आणि गोळा बुडायला भांड्यात खोली मिळत नाही. उरलेलं बटर पेपरवर ओतून थिजवा, पुढच्या वेळी ते परत वितळवता येतं. त्यात खोबऱ्याचा कीस पडला असेल तर भाजलेले शेंगदाणे घालून त्याचे खडे पाडा आणि घरातच संपवा.